कर्णिक सरांचा हमाल

कर्णिक सर आमच्या शाळेत कधी लोकप्रिय वगैरे नव्हते. चुकलेल्या गणिताला ते चूक म्हणत आणि तिथेच थांबत. ओरडत नसत, छडीला हात लावत नसत, पण "असू दे, पुढच्या वेळी जमेल" असंही त्यांच्या तोंडून कधी निघत नसे. पालकांना शिक्षकाकडून या दोनपैकी काहीतरी एक हवं असतं. सर दोन्ही देत नसत, त्यामुळे पालकसभेला त्यांच्या टेबलासमोर गर्दी नसायची. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही. ते खिडकीबाहेर बघत बसत.

डोंबिवलीतल्या त्या शाळेत मी मराठी शिकवायचे. शिक्षकांच्या खोलीत माझी आणि त्यांची खुर्ची समोरासमोर. मधल्या सुट्टीत सरांचा डबा सगळ्यांच्या आधी संपायचा. मग ते खिशातून काड्यापेट्या काढून टेबलावर मांडत. एका बोटाने एकेक पेटी पुढे सरकवत, थांबत, डोकं खाजवत आणि सगळ्या पेट्या पुन्हा पहिल्या जागी ठेवत. आमच्या शिपायाने, नानाने, एकदा मला हळूच विचारलं, "बाई, सर बिडी सोडतायत का?" मलाही तसंच काहीतरी वाटत होतं. पण विचारलं नव्हतं.

एक दिवस तेच माझ्याकडे आले. म्हणाले, "बाई, एक शब्द हवाय. लहान. आणि शक्यतो जोडाक्षर नको."

"कशासाठी?"

"माणूस अडला, पुढे काही सुचेना, त्याने सोडून दिलं. तर त्याला काय म्हणायचं?"

मी म्हटलं, "प्रयत्न करा पुन्हा."

त्यांनी क्षणभर हिशेब केल्यासारखा चेहरा केला. "प्र, त्न आणि न्हा. अहो बाई, तुमचा 'प्रयत्न' मला परवडत नाही."

त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की सरांच्या घरी कॉम्प्युटर आहे.

तो कॉम्प्युटर म्हणजे पाटीएवढी काळी डबी होती. तिच्यावर खोडरबरासारखी मऊ बटणं. तिला स्वतःचा पडदा नव्हता, घरचा टीव्हीच जोडायचा. आणि तिच्यात काही साठून राहायचं नाही. वीज गेली की सगळं पुसलं. म्हणून लिहिलेलं सगळं साध्या कॅसेटवर उतरवून ठेवायचं आणि दर वेळी टेपरेकॉर्डर लावून परत आत भरायचं. परदेशातून आलेल्या मेव्हण्याने ती डबी मुलीसाठी म्हणून आणली होती. मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, डबी सरांकडे राहिली.

एकदा ते भाच्याच्या ऑफिसात काही कामासाठी गेले होते. साहेब यायला वेळ होता म्हणून भाच्याने त्यांना मोठ्या कॉम्प्युटरवर एक खेळ लावून दिला. एक गोदाम. त्यात एक माणूस आणि काही पेट्या. पेट्या ढकलत ढकलत ठरलेल्या खुणांवर न्यायच्या. ढकलता येतं, ओढता येत नाही. एका वेळी एकच पेटी हलते. बस, एवढंच. सर ती दुपार तिथे बसले आणि घरी आले ते तो खेळ डोक्यात घेऊन. त्यांच्या डबीसाठी तो मिळत नव्हता. मिळत असता तरी कुठून आणणार? मग त्यांनी तो आठवून आठवून स्वतः लिहायला घेतला. भिंती, पेट्या, माणूस, सगळं बारीक बारीक चौकोन रंगवून. आणि मराठीत. मराठी अक्षरं त्या यंत्राला ठाऊकच नव्हती. तीही चौकोनांतून घडवायची आणि त्यासाठी यंत्रात मोजक्याच जागा. म्हणून ही जोडाक्षरांची काटकसर.

"मग 'हरलात' म्हणा," मी म्हटलं. "एकही जोडाक्षर नाही."

"हरलात? कोणाशी?" सर खरोखरच बुचकळ्यात पडले. "समोर कोणी नाहीच. एक हमाल आहे, चार पेट्या आहेत. हरवणारं कोण?"

शेवटी 'अडकलात. परत मांडा' यावर आमचं जमलं. खेळाचं नाव त्यांनी 'हमाल' ठेवलं होतं. सुरुवातीच्या पडद्यावर हमालाचं चित्र, त्याच्याखाली 'खेळ माझा नाही', आणि त्याच्याखाली 'नकल – कर्णिक'. मी म्हटलं, "सर, 'नक्कल' लिहा हो. मी मराठीची बाई आहे." ते म्हणाले, "क्क नाही बसत. र्ण बसवला तोच जड झाला." अनेक महिने मला ते 'नकल' टोचत राहिलं. 'खेळ माझा नाही' हे मात्र त्यांनी जागा नसतानाही बसवलं होतं. मूळ खेळ कोणी केला हे त्यांना माहीत नव्हतं. "कोणीतरी जपानी माणूस आहे म्हणे," एवढंच सांगत. पण असा आदर असायचा त्या स्वरात, की जणू तो माणूस पुढच्या गल्लीत राहतो आणि कधीही येऊन बघेल.

ठाकुर्लीला त्यांच्या दोन खोल्यांच्या घरी मी पुढे बऱ्याचदा गेले. पहिल्यांदा गेले तेव्हा दारातच पोह्यांचा डबा आडवा आला. स्वयंपाकघरात, बाहेरच्या खोलीत, फरशीच्या एकेका चौकटीत एकेक डबा उभा आणि सर पँट दुमडून अनवाणी पायाने साखरेचा डबा पुढे ढकलतायत. वहिनी ओट्याशी बसून लसूण सोलत होत्या.

"हात लावू नका हं," त्या मला म्हणाल्या. "फक्त पायाने ढकलायचं. ओढायचं नाही. नियम आहे." मग सरांकडे न बघताच, "डाळीचा डबा आधी काढा हो. नाहीतर साखर तिथेच राहील आणि मला चहा करता येणार नाही."

वसुधावहिनींना या सगळ्याचा राग यायचा का, ते मला नीट कधी कळलं नाही. टीव्ही एकच. वहिनींचा कार्यक्रम असला की सर निमूट डबीची वायर काढून बाजूला बसत, कार्यक्रम संपला की परत जोडत. कॅसेटवरून खेळ आत भरताना जो कर्कश आवाज व्हायचा त्याने मजला हादरायचा. शेजारच्या बाई येऊन विचारायच्या, मिक्सर बिघडला का. वहिनी शांतपणे सांगायच्या, "नाही, हमाल येतायत." कधी निम्मा खेळ आत गेल्यावर वीज जायची. सर खिशातला छोटा पेचकस काढून टेपरेकॉर्डरचा स्क्रू उगाच थोडा इकडेतिकडे फिरवत आणि वीज आली की पहिल्यापासून सुरू करत.

त्यांनी आणखीही काही खेळांच्या नकला केल्या. एकात पाण्याच्या नळाचे तुकडे जोडायचे होते, एकात रेल्वेचे डबे एका रुळावरून दुसऱ्या रुळावर घ्यायचे होते. वरून विटा पडतात आणि त्या पडता पडता बसवायच्या, असाही एक खेळ तेव्हा सगळीकडे होता. तो त्यांनी करायला घेतला आणि मध्येच सोडून दिला. "विचार करायला वेळ देत नाही. मागे लागतो," म्हणाले. कोणी खेळ मागितला की ते देत. बदल्यात एक कॅसेट आणायची, कोरी नसली तरी चालेल. त्यामुळे काही कॅसेटमध्ये आधी कोणाचं तरी भजन दोन ओळी ऐकू यायचं आणि मग एकदम ती किंकाळी.

आमच्या शाळेत हेमा तरे नावाची विज्ञानाची शिक्षिका होती. ठाण्याला चेंदणी कोळीवाड्यात राहायची. चुणचुणीत, तोंडाने फटकळ, आणि सरांच्या काड्यापेट्यांवर सगळ्यात जास्त विनोद तीच करायची. तिला मेंदूज्वर झाला. आधी साधा ताप म्हणून घरीच होती, मग एकदम सिव्हिल हॉस्पिटलात हलवलं. काही दिवस ती कोणाला ओळखत नव्हती. वाचली. डॉक्टरांनी सांगितलं, आता काळजी नाही, हळूहळू सगळं पूर्वीसारखं होईल. घरी आली तेव्हा केस बारीक कापलेले, अंगात काही नाही, आणि बोलता बोलता शब्द हरवायचे. 'चमचा' म्हणायचं असेल तर "ते, ते, ढवळायचं" म्हणायची आणि मग संतापून गप्प बसायची.

आम्ही सगळे एकेकदा भेटून आलो. सगळ्यांनी तेच सांगितलं. होशील गं बरी, तब्येत छान दिसते, शाळा कुठे पळून जातेय. मीही तेच म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

सर गेले ते पिशवी घेऊन. लोक तेव्हा मोठे कॉम्प्युटर घ्यायला लागले होते आणि या जुन्या डब्या माळ्यावर टाकत होते. तशी एक कोणीतरी टाकून दिलेली डबी सरांनी मिळवून, तिची बटणं बदलून ठेवली होती. ती त्यांनी हेमाच्या टीव्हीला जोडली, खेळ लावून दिला, कसा लावायचा ते तिच्या आईला दाखवलं आणि उठले. तब्येत कशी आहे हेही विचारलं नाही म्हणे. जाताना एवढंच म्हणाले, "तरे बाई, तुम्ही माझ्या काड्यापेट्यांना हसत होतात. आता बघा."

हेमा खेळायला लागली. पहिली दोन-तीन गोदामं सोडवायला तिला कितीतरी दिवस लागले. मग वेग आला. सर आठवड्यातून एकदा शाळा सुटल्यावर ठाण्याला उतरत आणि नवी कॅसेट देऊन येत. जुनी गोदामं संपली तेव्हा खास तिच्यासाठी नवी रचायला लागले. हेमाची आई मला एकदा बाजारात भेटली तेव्हा म्हणाली, "पोर दिसभर टीवीसमोर बसते, पन आता शब्द कमी हरवते." मी ते सरांना सांगितलं. त्यांनी लगेच खिशातून काड्यापेट्या काढल्या.

त्यानंतर दिवाळीच्या सुट्ट्या झाल्या. शाळा उघडली त्याच आठवड्यात मुख्याध्यापिकांनी मला बोलावून सांगितलं की हेमाने नोकरी सोडायचं ठरवलंय. राजीनामा येईल. मी सरळ चेंदणीला गेले. हेमा माझ्याशी नीट बोलली, रडलीबिडली नाही. म्हणाली, "ताई, मी स्वतःला तपासून बघितलं. पुढे पुढे जात होते तोवर वाटलं, येतंय परत. आता एका जागी अडकलेय ती अडकलेच आहे. रोज बसते. दिवाळीतसुद्धा बसले. नाही सुटत. म्हणजे माझं डोकं इथवरच आलं, याच्यापुढे नाही येणार. असं डोकं घेऊन चाळीस पोरांसमोर उभी राहू?" मी समजावलं. ती ऐकून घेत होती, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोचत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी सरांना हे सांगितलं. मला वाटलं, ते काहीतरी सोपं करून देतील, एखादी युक्ती सांगतील.

सरांनी विचारलं, "कुठलं गोदाम?"

"ते नाही माहीत. तीन पेट्यांचं आहे म्हणाली. डावीकडे एक बोळ आहे त्यात."

त्यांनी काड्यापेट्या काढल्या, यंत्रात घातलेल्या आकड्यांची वही उघडून टेबलावर खडूने भिंती आखल्या आणि बसले. घंटा झाली. आम्ही वर्गांवर गेलो. तास संपवून मी परत आले तर सर तिथेच होते आणि नाना त्यांच्या वर्गावर जाऊन पोरांना गप्प बसवत होता. सरांचा चेहरा उतरला होता. इतक्या वर्षांत तो तसा मी कधी पाहिला नव्हता.

"एक भिंत जास्त पडलीय," ते म्हणाले. "लिहिताना. मी सोडवून बघितलं ते कागदावरचं. यंत्रात घातलेलं नाही बघितलं." मग म्हणाले, "ते सुटूच शकत नाही, बाई."

सर कधी रजा घेत नसत. त्या दिवशी त्यांनी अर्ध्या दिवसाची घेतली आणि मला म्हणाले, "तुम्ही चला. मला बोलता येत नाही."

आम्ही दुपारी ठाण्याला उतरलो आणि स्टेशनावरून चालतच चेंदणीत गेलो. हेमाची आई दारात सुकट निवडत होती. "या सर, या बाई. पोर आतमंदी हाय. कोनाशी बोलत नाय," म्हणाली आणि आमच्यासाठी सतरंजी टाकली.

सर बसलेच नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाले, "तरे बाई, चूक माझी आहे. ते गोदाम चुकलंय. ते सुटत नाही. कोणालाच सुटणार नाही."

हेमाने त्यांच्याकडे पाहिलं आणि ती हसली. ते हसू बघवत नव्हतं. "सर, ताईंनी सांगितलं ना तुम्हाला? मला वाटलंच होतं. तुम्ही असंच म्हणणार. सगळे माझ्याशी असंच बोलतात आता. भाजीवाला पण बोलतो. निदान तुम्ही तरी नको होतं."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. सरांनी मला हातानेच थांबवलं. मग ते सतरंजीवर बसले, टेपरेकॉर्डर जवळ ओढला आणि ते गोदाम लावलं. तो कर्कश आवाज त्यांनी संपू दिला.

"ठीक आहे," ते म्हणाले. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. सुटत नाही, हे तुम्ही सिद्ध करा."

"काय?"

"इतके दिवस तुम्ही ते सोडवत होतात. आज सोडवू नका. ते का सुटत नाही, ते मला सांगा. सांगता आलं तर ठीक. नाही आलं तर तुमचं खरं, द्या राजीनामा."

मला त्यांचा भयंकर राग आला. आजारातून उठलेल्या मुलीशी असं बोलतात? तिची आईही दारातून आत आली. पण हेमा पडद्याकडे बघायला लागली होती. बराच वेळ तिची नजर एका पेटीवरून दुसरीवर फिरत होती. एकदा म्हणाली, "ही पेटी, ही, ते..." आणि शब्द सापडेना. आई पटकन म्हणाली, "जाऊ दे ना गो." सर म्हणाले, "थांबा. त्यांना सापडू दे." आणि स्वतः खाली मान घालून बसून राहिले. घाई नाही, मदत नाही.

"बोळ," हेमा म्हणाली. "बोळातली पेटी. बाकीच्या दोघी जातात जागेवर. हीच राहते." मग हळूहळू, एकेक शब्द जागेवर ठेवत, "ही बाहेर काढायची तर मागून ढकलायला पाहिजे. मागे जायचं तर बोळातूनच जायला पाहिजे. बोळात पेटी आहे. पुढून ढकलली तर अजून आत जाते." ती थांबली. "दुसरीकडून वाटच नाही. सर, मागे जायला वाटच नाही!"

"नाही," सर म्हणाले. "मूळ आराखड्यात होती. इथे." त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "ती मी बुजवली. चुकून."

हेमा त्या चौकोनाकडे बघत राहिली. "मी कधी असा विचारच केला नाही. मला वाटलं, सरांनी दिलंय म्हणजे सुटणारच. माझंच काहीतरी..." आणि मग एकदम तिचा आवाज चढला. "सर, अख्खी दिवाळी! अख्खी दिवाळी मी हिच्यासमोर बसून काढली! आईने करंज्या केल्या त्या मी खाल्ल्या नाहीत! तुम्हाला एकदा खेळून बघता येत नव्हतं? द्यायच्या आधी? दुसऱ्याला तपासायला लावता येत नव्हतं? आम्ही पोरांना शिकवतो ना, ताळा करा, ताळा करा म्हणून? तुम्ही गणिताचे ना?"

ती कितीतरी वेळ बोलत होती. पूर्वीची हेमा, तीच फटकळ, एकही शब्द न अडता. सर समोर मांडी घालून सगळं ऐकून घेत होते. मध्ये "बरोबर" म्हणत होते, "हो, चुकलं" म्हणत होते. हेमाची आई आधी घाबरली, मोठ्या सरांना पोर काय बोलते म्हणून. मग ती माझ्या दंडाला धरून म्हणाली, "भांडाया लागली बाय! भांडाया लागली!" आणि पदराने डोळे पुसत चहा ठेवायला गेली.

परत येताना गाडीत मी म्हटलं, "सर, तिला सांगता आलं नसतं तर? आज ती त्या पेटीपाशीच थांबली असती तर?" ते म्हणाले, "मग मी उद्या परत गेलो असतो." पण त्यांचे हात मांडीवर घट्ट धरलेले होते आणि डोंबिवली येईपर्यंत ते तसेच होते. तेव्हा मला कळलं की आत त्या सतरंजीवर हा माणूस किती घाबरलेला होता.

त्या शनिवार-रविवारी हेमाची ती कॅसेट आणखी ज्यांनी मागून नेली होती त्या प्रत्येकाच्या घरी सर जाऊन आले. एक जण कल्याणला होता, एक कळव्याला. चूक सांगायला आणि दुरुस्त केलेली कॅसेट द्यायला. कोणाच्याही लक्षात काही आलं नव्हतं. एकाने तर ती अजून लावलीच नव्हती. वहिनी म्हणाल्या, "लोकांना वाटलं, हे वर्गणी मागायला आले."

हेमा शाळेत आली ती जानेवारीत, आधी अर्धा दिवस, मग पूर्ण. फळ्यासमोर पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा मी उगाच त्या वर्गावरून दोनदा गेले. एका पोराला ती झापत होती. सरांनी त्यानंतर नियम केला की हेमाने सोडवल्याशिवाय एकही गोदाम बाहेर जायचं नाही. मधल्या सुट्टीत आता टेबलाशी दोन डोकी दिसायची आणि वाद ऐकू यायचे. हेमाने पुढे स्वतःही काही गोदामं रचली. त्यात पेट्यांच्या जागी मासळीच्या टोपल्या होत्या आणि गोदामाच्या जागी बंदर. ती सरांच्यापेक्षा अवघड होती. सर ती सोडवताना चिडायचे आणि हेमा खूश व्हायची. तिच्या आईकडून अधूनमधून ठाकुर्लीला कोलंबी जायची. कर्णिकांच्या सीकेपी घरी कोलंबीचं काय कौतुक ते मी सांगायला नको. "एवढ्या वर्षांत त्या टीव्हीतून पहिल्यांदाच काही खाण्यासारखं निघालं," असं वहिनी म्हणाल्या.

शाळेत मोठे कॉम्प्युटर आले ते त्यानंतर. पंख्याचीसुद्धा चैन नसलेल्या इमारतीत एक थंड खोली झाली, बाहेर चपला काढून आत जायचं. शिकवायला एक तरुण मुलगा यायचा. त्याने सरांची डबी पाहिली आणि म्हणाला, "सर, ये तो खिलौना है. हा गेम आमच्याकडे रेडी आहे, कलरमध्ये." मला वाटलं, सरांना लागेल. सर चपला काढून आत गेले आणि तासभर तो खेळ खेळून बाहेर आले ते खुलून. "पहिल्या गोदामात उजवीकडची भिंत मला चुकीची आठवत होती," म्हणाले. "एक चौकोन खाली आहे." आणि घरी जाऊन ती त्यांनी बदलली. एवढ्या वर्षांनंतर, जेव्हा ती कॅसेट लावणारं हेमाशिवाय कोणी उरलं नव्हतं, तेव्हा. मूळ कर्त्याचं नाव तिथेही नव्हतं, याचं मात्र त्यांना वाईट वाटलं होतं.

ते निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या समारंभात मुख्याध्यापिका त्यांच्या शिस्तीबद्दल बोलल्या, मी त्यांच्या मराठीबद्दल थोडी थट्टा केली. हेमा बोलायला उठली आणि तिला बोलता आलं नाही. या वेळी शब्द हरवले होते ते आजाराने नव्हे. सर खुर्चीतूनच म्हणाले, "घ्या, वेळ घ्या," आणि सभागृह हसलं. पुढे वहिनींचे गुडघे दुखायला लागले, जिना होईना, म्हणून दोघं नाशिकला मुलीकडे राहायला गेली. पत्रं यायची ती वहिनींची. मग एका पावसाळ्यात मुलीचंच आलं. सर झोपेतच गेले, त्रास झाला नाही, असं तिने लिहिलं होतं.

मला ते शेवटचे दिसले ते ठाण्याला, खोपटच्या एसटी डेपोत. ते काही कामासाठी आले असावेत आणि परत नाशिकच्या गाडीची वाट बघत होते. मी माझ्या गाडीत बसले होते, खिडकीपाशी. कंडक्टर ओरडत होते, संत्री-मोसंबीवाले खिडक्यांवर ठोकत होते, आणि त्या सगळ्यात एका बाकावर सर डोळे मिटून ताठ बसलेले. पायाशी बॅग. मला वाटलं, डुलकी लागली. पण ओठ थोडे हलत होते आणि मांडीवर एक बोट काहीतरी पुढे सरकवत होतं. मी जोरात हाक मारली, "सर! कर्णिक सर!"

त्यांनी डोळे उघडले. मला शोधलं, ओळखलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. आता उठतील, येतील असं वाटलं. तेवढ्यात त्यांनी उजव्या हाताचं एक बोट वर केलं, मुलं वर्गात करतात तसं. थांबा. एक मिनिट. आलंच आहे. आणि पुन्हा डोळे मिटले.

माझी गाडी सुरू झाली. मी मान वळवून बघत होते. गाडी फाटकातून बाहेर वळेपर्यंत ते बोट तसंच वर होतं.